आमच्याकडे कोणी घेत नाही

मला किळस फार लवकर येते. दुधावरची गार साय, लिफ्टच्या कोपऱ्यातली पानाची पिचकारी, बोटाला थुंकी लावून पुस्तकाचं पान उलटणारा माणूस, काहीही पुरतं. लहानपणी आई म्हणायची, हिच्या नाकावरची शिसारी उतरायची नाही, सासरी हिचं कसं व्हायचं. सासर झालंच नाही, तो भाग वेगळा.

अशा बाईने उमेदीची वर्षं पेशी कशा मरतात हे बघण्यात घालवली, याचं लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. मी आजवर पाहिलेल्या गोष्टींत सगळ्यात स्वच्छ गोष्ट तीच होती. घाण होती ती प्रयोगशाळेच्या बाहेर.

शाळेत विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. लयकारिकांना आत्मघाती पिशव्या का म्हणतात, शास्त्रीय कारण लिहा. लयकारिका म्हणजे लायसोसोम, पेशीच्या आतली आम्लाने आणि पाचक रसांनी भरलेली बारीकशी पिशवी. उत्तर सगळ्या गाईडांत सारखं: पेशी जीर्ण झाली की पिशव्या फुटतात आणि पेशीला पचवून टाकतात. आम्ही ते घोकलं, उतरवलं, मार्क घेतले. पुण्यातल्या कितीतरी पिढ्या या एका वाक्यावर पास झाल्या आहेत. पुढे याच विषयात डोकं घातलं तेव्हा कळलं, की नीट मरणाऱ्या पेशीत काहीच फुटत नाही. फुटणं म्हणजे सगळं बिघडल्याची खूण. मला त्या वाक्याचा अजून राग येतो. आत्मघात म्हणे! जणू पेशीने एक दिवस वैतागून गळफास लावून घेतला.

पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. काम सांगायला सोपं होतं, करायला जिकिरीचं. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. बाहेर मात्र भरपूर. पेशीच्या आवरणात कॅल्शियमची बारीक दारं असतात, चॅनेल म्हणतात त्यांना. ती बहुतेक वेळ बंद असतात आणि पेशी आत शिरलेलं कॅल्शियम सतत बाहेर फेकत राहते. कारण कॅल्शियम म्हणजे तिच्यासाठी निरोप आहे. थोडंसं आत आलं की ती काहीतरी करते. आपल्या पेठेत महापालिकेचा चावीवाला येऊन पाण्याची चावी फिरवतो आणि मग सगळ्या गल्लीत बादल्यांची धावपळ होते, तसं.

आम्हाला पाहायचं होतं ते वेगळं. त्या लायसोसोमच्या पिशवीतही कॅल्शियमचा साठा असतो आणि तिच्या पातळ आवरणातही तशीच दारं असतात. दार किंचित उघडलं, चिमूटभर कॅल्शियम बाहेर आलं, की पेशीला निरोप जातो: आवराआवर कर, मोडकं-तोडकं पचवून टाक, जगायचा प्रयत्न कर. बिघाड फार असेल तर पिशवी थोडी झिरपते, तिच्यातले थोडे रस बाहेर येतात, आणि दुसरं काम सुरू होतं. पेशी आक्रसते. स्वतःचे धागे स्वतः कापते. स्वतःच्या छोट्या छोट्या पुड्या बांधते, त्या पुड्यांवर बाहेरून खूण करते, आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, वास नाही. आपल्या अंगात हे रोज चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली हे बघत बसायचे. कॅल्शियम आलं की चमकणारा रंग आम्ही पेशीत घालायचो; पिशव्यांच्या कडेला हिरवी ठिणगी उडायची आणि विझायची. तिथे मला कधी शिसारी आली नाही.

माझे पीएचडीचे गाईड मात्र प्रत्येक व्याख्यानात एक वाक्य टाकायचे: लायसोसोम म्हणजे पेशीतला झाडूवाला. मग हसायचे. मग हसू ओसरताना त्यांची नजर पहिल्या रांगेवरून फिरत माझ्यावर यायची आणि पटकन निघून जायची. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त माझं आडनाव आठवायचं. एकदा मी म्हटलं, सर, झाडूवाल्याच्या हातात पाण्याची चावी आणि मरणाचा निर्णय दोन्ही आहेत, तर त्याला वेगळं नाव द्यायला हवं. ते म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता.

हे मनाला लावून घेणं आमच्या घरात पिढीजात. छपन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली. गावात त्यांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. ते त्यांनी त्या दिवशी सोडलं आणि दारूही त्याच दिवशी सोडली. दोन्ही गोष्टी आमच्याकडे एका दमात सांगितल्या जायच्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आजोबांनी सोडलेलं पुन्हा शिवायचं नाही एवढ्या एका हट्टावर शिक्षण केलं, सरकारी नोकरी केली, साहेब होऊन निवृत्त झाले आणि कर्वेनगरला सोसायटीत फ्लॅट घेतला. सकाळी आंघोळ झाली की ते पंचशील म्हणत. पाचवं शील म्हणजे नशा करणार नाही, हे म्हणताना त्यांचा आवाज थोडा वर चढायचा, शेजारच्या बाल्कनीत जावा एवढा. आमचं घर आरशासारखं. पाहुणा उठला की आई लगेच सोफ्याची चादर ताणायची. आमच्याकडे कोणी नावं ठेवेल असं काही सापडता कामा नये, हा आमचा खरा धर्म होता. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं असतं तर जेवण मिळालं नसतं.

धाकटा भाऊ इंजिनिअर झाला तेव्हा शहर बदलायला लागलं होतं. खराडीला शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या सोसायटीतली अर्धी पोरं सकाळी गळ्यात पट्टे अडकवून कंपनीच्या बसला उभी राहायला लागली. भावाला पहिल्याच वर्षी अण्णांच्या शेवटच्या पगाराहून जास्त मिळायला लागलं. घरात मोठा फ्रिज आला, गाडी आली, लग्न झालं, धायरीला त्याने नवा फ्लॅट बुक केला. अण्णा सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्या कंपनीचं नाव मधेच कुठेतरी घुसवत. आम्ही अण्णांना हसायचो. अभिमान सगळ्यांनाच होता, मलाही.

माझ्या कामाबद्दल घरात विचारणारा तो एकटाच. एकदा जेवताना मी त्याला पेशीचं मरण समजावलं. तो म्हणाला, "ताई, हे तर प्रॉपर लेऑफ आहे. नोटीस पिरियड, हॅंडओव्हर, सगळं. आणि ते दुसरं, फुटतं ते?" मी म्हटलं, ते वाईट. दारं उघडीच राहिली की कॅल्शियमचा लोंढा आत येतो. पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रं बसतात. आणि गंमत अशी, की नीट मरायलाही ताकद लागते. कापाकापी, पुड्या बांधणं, सगळ्याला ऊर्जा हवी. ती संपली की पेशी फुगते, फुटते आणि आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतं. त्याने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, जेवताना सांगायलाच हवं होतं का? मग दोघंही हसलो.

त्याच्या अंगाला वास यायला लागला तो साधारण त्या सुमाराला.

आधी फक्त शुक्रवारी. प्रोजेक्ट संपला की पार्टी, प्रोजेक्ट मिळाला की पार्टी, परदेशातून क्लायंट आला की मोठी पार्टी. एकदा कंपनीने घरच्यांनाही बोलावलं. अण्णा-आई नाही म्हणाले, मी आणि भावजय गेलो. एका रिसॉर्टच्या हिरवळीवर माझ्या भावाच्या वयाची पोरं ओरडत होती, कुणाच्या तरी नावाचा गजर करून त्याला एका दमात ग्लास रिकामा करायला लावत होती. पाठीमागे कोणीतरी कुंडीत ओकत होतं आणि त्याचा साहेब त्याच्या पाठीवर थापट्या मारत फोटो काढून घेत होता. पनीरचे तुकडे गवतात तुडवले गेले होते. मला तिथे उभं राहवेना. भाऊ हातात ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, इथे न पिणारा म्हणजे एकदम गावठी वाटतो गं. आणि माझं काय, मला आधीच थोडं जास्त प्रूव्ह करावं लागतं." मी म्हटलं, काय प्रूव्ह करतोस, ओकता येतं ते? त्याने ग्लास तोंडाला लावला. कशाबद्दल बोलतोय ते मला कळलं होतं. माझ्या गाईडची नजर मला माहीत होती, त्याच्या साहेबाची त्याला असणार. पण त्यावरचं त्याचं औषध पाहून मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

मग शुक्रवार राहिला नाही, रोजचं झालं. खराडीहून आला की तो गाडी पार्किंगमध्ये लावायचा आणि वर यायला बराच वेळ लागायचा. काचा वर, एसी चालू, आत एकटा. भावजयीला स्टेपनीच्या खाली बाटली सापडली. तिने मला येऊन सांगितलं, रडली नाही, फक्त गाडीत बसवत नाही म्हणाली. एकदा मी बसले तेव्हा कळलं. सुगंधी फवारा, व्हिस्की आणि कुबट खारे दाणे, सगळं एकत्र. वर यायच्या आधी तो तोंडात बडीशेप कोंबायचा. आई म्हणायची, पोराला ॲसिडिटीचा फार त्रास आहे, बाहेरचं खाणं. अण्णा पेपर जरा वर धरायचे. पाच माणसं एका वासात जेवत होतो आणि भाजीत मीठ कमी आहे का यावर बोलत होतो. त्या जेवणांची आठवण आली की आजही नको वाटतं.

मी त्याच्याशी बोलले, भांडले. सोशल आहे, म्हणाला. मग म्हणाला, बंद करीन. मग म्हणाला, अण्णांना सांगू नकोस, बाकी काय वाट्टेल ते कर.

एका सोमवारी सकाळी तो बाथरूममध्ये दुमडून पडलेला सापडला. पोटातून पाठीत आरपार कळ, आणि ओकारी थांबेना. हिरवी, कडू, आंबूस. आईने मोरी धुवायला घेतली. अशा वेळीही ती मोरी धूत होती. आम्ही त्याला कॉलेज जोडलेल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, स्वादुपिंडाला सूज आहे.

स्वादुपिंड हा शब्द ऐकला आणि पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं, कारण तो अवयव माझ्या पुस्तकातला होता. अन्न पचवणारे रस त्या पेशी बांधून, निष्क्रिय करून ठेवतात. आतड्यात गेल्याशिवाय ते जागे व्हायचे नसतात. दारूपासून अंगात जे पदार्थ तयार होतात ते त्या पेशींची कॅल्शियमची दारं उघडी पाडतात. लोंढा येतो. लायसोसोमचे रस आणि ते बांधलेले रस एकाच पिशवीत येतात, एकमेकांना जागं करतात, आणि अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. काही पेशी नीट मरू शकल्या तर दुखणं हलकं. पण ऊर्जा संपलेली असली तर त्या फुटतात, आणि त्यांचं सांडलेलं शेजारच्यांना जाळतं. मी काचेच्या तबकडीत बघितलेलं सगळं वॉर्डातल्या हिरव्या पडद्यामागे माझ्या भावाच्या पोटात चाललं होतं. आणि तिथे ते स्वच्छ नव्हतं.

तरुण निवासी डॉक्टरने विचारलं, पेशंट ड्रिंक्स घेतात का?

प्रश्न भावाला होता. उत्तर अण्णांनी दिलं. ते पलंगाच्या पायाशी ताठ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"आमच्याकडे कोणी घेत नाही. आमचं घर पंचशील पाळणारं आहे."

डॉक्टरने भावाकडे पाहिलं. भावाने डोळे मिटून मान हलवली, नाही. भावजय पिशवीतला टॉवेल घडी करत राहिली. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण भावाने माझा हात धरला आणि इतकं घट्ट दाबला की मला वाटलं, आधी कळ थांबू दे, मग त्यालाच सांगायला लावीन. डॉक्टर निघून गेला.

मग पित्ताशयात खडा आहे का ते शोधणं सुरू झालं. सोनोग्राफीत खडा नव्हता. अण्णांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं, जणू पोराचा निकाल चांगला लागला. दर पाळीला नवा डॉक्टर विचारायचा आणि दर वेळी अण्णा तेच वाक्य म्हणायचे, त्याच सुरात. मला त्या वाक्याचा वीट आला. नातेवाईक येत होते. नाकातून नळी घातलेल्या, पाण्याचा थेंबही बंद असलेल्या माणसाच्या उशाशी सफरचंदं आणि शहाळी रचत होते. कंपनीतली पोरं मोठा पुष्पगुच्छ घेऊन आली, लवकर बरा हो, पार्टी पेंडिंग आहे म्हणाली आणि हसली. एकाच्या तोंडाला दुपारीच वास होता. मी तो गुच्छ बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात उलटा घातला.

मग भावाचे हात कापायला लागले. अंगाला घामाची धार. भिंतीवरून मुंग्या चालल्यात, माझ्या अंगावर येतायत, म्हणायला लागला आणि हाताची सलाईन उपटायला लागला. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, तीन दिवस पोटात काही नाही. निवासी डॉक्टरला वाटलं, जंतुसंसर्ग डोक्यापर्यंत गेला असावा. मेंदूचा फोटो काढायचा म्हणून स्ट्रेचर मागवलं. मला मात्र हे कळत होतं. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की असं होतं, आणि त्यावर वेळेत इलाज केला नाही तर माणूस त्यात जातो. स्वादुपिंडाची वाटही बघत नाही.

मी अण्णांना व्हरांड्यात नेलं. सांगितलं, आता बोलावं लागेल. त्यांना माहीत होतं, सगळं माहीत होतं. पार्किंगमधली गाडी त्यांनी बाल्कनीतून रोज बघितली होती. ते मला म्हणाले, "कागदावर आलं की ते कायमचं येतं. आपल्या माणसाच्या कागदावर तर दुप्पट. तू शिकलेली आहेस, तुला मी सांगायला नको. आडनाव वाचतात आणि मग हे वाचतात. माझ्या बापाने जे सोडलं ते हे लोक माझ्या पोराच्या कपाळावर परत लिहिणार."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पुढे. त्या क्षणी मात्र मला त्यांची किळस आली. आत माझा भाऊ भिंतीवरच्या मुंग्या मारत होता आणि हे इथे पेन सरळ करत होते. मी म्हटलं, "अण्णा, तो मेला तर कागदावर तेही येईल." आणि त्यांना तिथेच सोडून आत गेले.

तेवढ्यात वॉर्डचे मोठे डॉक्टर आले होते. मी सरळ सांगितलं. रोज पितो, किती वर्षं पितो, शेवटची कधी घेतली असेल. अण्णा माझ्या मागोमाग दारापर्यंत आले होते. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, फाइलच्या वरच्या भागावर, नाव लिहिलेलं असतं तिथे, नजर टाकली आणि म्हणाले,

"हं. वाटलंच होतं."

काय वाटलं होतं? खडा नाही, दुसरं कारण नाही, म्हणून वैद्यकीय शंका आली होती? की दुसरं काही? वाटलंच होतं तर गेले तीन दिवस का नाही वाटलं? मी त्यांना हे काहीच विचारलं नाही. इंजेक्शन हवं होतं. ते लगेच दिलं गेलं, जीवनसत्त्वाची सलाईन लागली, आणि संध्याकाळपर्यंत मुंग्या गेल्या. मात्र त्या 'हं'चा सूर मी प्रयोगशाळेत ऐकला होता, मला तो ओळखता येतो. मागे वळून पाहिलं तर अण्णा दारात नव्हते. त्यांनी जे होईल म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या तोंडून सुरू होऊन त्यांच्या समोर झालं होतं. त्या डॉक्टरांचे धुतलेले, साबणाचा वास येणारे हात भावाचं पोट तपासत होते. मला ते ढकलून द्यावेसे वाटत होते, आणि त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढे बरेच दिवस आम्ही तिथे होतो. स्वादुपिंडाचा एक भाग मेला होता, आणि घाण करून मेला होता. कुशीतून नळी घातली होती, तिच्यातून राखाडी, घट्ट काहीतरी बाटलीत यायचं. ते मोजून फेकायचं काम भावजय आणि मी आळीपाळीने करायचो. नाकाला रुमाल बांधूनही तो वास केसांत बसायचा. कर्वेनगरला येऊन दोनदा केस धुतले तरी जायचा नाही. भाऊ शुद्धीवर होता, वाळून काटकुळा झाला होता. त्याने मला एकदाच विचारलं, तू सांगितलंस ना? मी हो म्हटलं.

अण्णा रोज येत. ठरलेल्या वेळी, इस्त्रीच्या शर्टात. पलंगापासून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि पेपर वाचत. भावाशी एक शब्द बोलत नसत. माझ्याशीही नाही. घरी सकाळी पंचशील म्हणत, पण आवाज आता त्यांच्याच खोलीबाहेर जात नव्हता. आईने एकदा मला स्वयंपाकघरात म्हटलं, तू वाचवलंस त्याला, पण यांना मारलंस. मी गॅस बंद केला. पोळ्या जळत होत्या.

एका सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले. भावाच्या पलंगाभोवती पांढरे कोट उभे राहिले. त्याची चादर बाजूला केली, नळी दाखवली, त्याच्या पोटावर बोट ठेवून शिकवलं, पेशी कशा फुटतात, पाचक रस कसे बाहेर येतात. बरोबर शिकवत होते. भाऊ त्यांच्या मध्ये उघड्या पोटाने पडला होता. मग त्यांनी एका मुलीला कारणं विचारली. तिने पित्ताशयाचा खडा सांगितला, रक्तातली चरबी सांगितली, आणखी दोन-तीन सांगितली. डॉक्टर म्हणाले, आणि या केसमध्ये? मुलीने आमच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, तरी शब्द तोंडातून निघेना. मागचा एक मुलगा गालात हसला.

खुर्चीतून पेपर घडी केल्याचा आवाज आला.

"दारू," अण्णा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "माझा मुलगा दारू पितो. आपल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं, आणि ते माझं एकट्याचं होतं. आमच्या लोकांचं नव्हे. आपण शिकवता आहात, तर या मुलांना ते तेवढं वेगळं करून सांगा."

मोठ्या डॉक्टरांनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि अस्पष्टसं बरं म्हणून पुढच्या पलंगाकडे वळले. घोळका त्यांच्यामागे गेला. जाताना त्या मुलीने भावाची चादर ओढून सारखी केली.

अण्णा चालत वॉर्डच्या टोकाच्या बेसिनशी गेले. मला वाटलं हात धुतायत. मी जवळ गेले तर त्यांना उमासे येत होते. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडत होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांचं कपाळ धरलं, लहानपणी ते माझं धरायचे तसं. त्यांनी चूळ भरली, बेसिन दोनदा पाणी टाकून स्वच्छ केलं, मिशी पुसली आणि परत आले. खुर्चीकडे गेले नाहीत. पलंगाच्या कडेवर बसले, इस्त्री मोडेल याचा विचार न करता.

भाऊ रडत होता. ओठ हलत होते. "अण्णा," तो म्हणाला, "मी..."

"बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "नाकातली नळी हलते. मला बघवत नाही ते."